तुम्ही विचारलंत म्हणून: काळ्या-पांढऱ्या चित्राला दोन ट्यूबा पुरतात का?

चित्रांचे फोटो टाकले की हा प्रश्न येतोच. ताई, तुमचं सगळं काम ब्लॅक अँड व्हाइट, मग अ‍ॅक्रेलिकच्या दोन ट्यूबा घेतल्या की झालं ना, कोणत्या कंपनीच्या घेऊ तेवढं सांगा. गावातली पोट्टी तर तोंडावरच म्हणतात, "काळा अन् पांढरा, त्यात इचार काय करा लागते काकू?" करा लागते बाप्पा. रंगीत चित्रात लाल-पिवळ्याच्या चमकेखाली बरंच खपून जातं, इथं काहीच खपत नाही.

कंपनीचं नंतर बोलू. आधी पैसे कुठं घालायचे ते सांगते, पांढऱ्यात घाला. ग्रे करताना नेहमी पांढऱ्यात काळा कणाकणानं मिसळायचा, काळ्यात पांढरा ओतत बसलात तर अर्धी ट्यूब संपते तरी ग्रे काही उजळत नाही. म्हणून काळ्याची लहान ट्यूब महिनोन्महिने पुरते आणि पांढरा सारखा आणावा लागतो, तो मोठाच घ्या आणि टायटॅनियम व्हाइट घ्या. तो खालचं सगळं झाकतो. झिंक व्हाइट त्याच्यापेक्षा पारदर्शक असतो, हिवाळ्यातल्या सकाळचं धुकं पातळ थरांनी चढवायचं असेल तर तो बरा, पण सुरुवातीलाच घ्यायची गरज नाही.

आता काळा. आम्ही यवतमाळकडचे, आमच्या डोळ्यासमोर काळी जमीन आणि तिच्यात फुटलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, म्हणून मला यात बोलायला जास्त आवडतं. ती जमीन काळी म्हणतो आपण, पण मे महिन्यात भेगा पडलेलं वावर बघा, चांगलं ग्रे दिसतं, आणि पहिला पाऊस पडला की तेच वावर एकदम गडद होतं. त्या ओल्या मातीला मी मार्स ब्लॅक वापरते, तो लोहाच्या ऑक्साइडचा, दाट, एका हातात झाकतो. आयव्हरी ब्लॅक किंवा बोन ब्लॅक त्यापेक्षा पारदर्शक, तपकिरीकडे झुकणारा, संध्याकाळची सावली थरावर थर देऊन आणायची तर हाच. (हा जनावरांची हाडं जाळून करतात, घरात कोणी माळकरी असेल तर आधीच माहीत असलेलं बरं.) कार्बन ब्लॅक पांढऱ्यात मिसळला की ग्रे थंड, निळसर येतो. तो फारच निळा वाटला तर टोकभर बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, घाला, चित्र काळं-पांढरंच दिसतं पण ग्रेला ऊब येते. तर काळा एकच घ्यायचा असेल तर मार्स, दोन परवडत असतील तर सोबत आयव्हरी.

आणि कापूस पांढरा नसतो हो. बोंडाच्या ज्या कडेवर ऊन पडलंय तेवढीच जागा शुद्ध पांढरी ठेवायची, बाकी सगळा फिक्का ग्रे, नाहीतर बोंड चित्रावर कागद चिकटवल्यासारखं दिसतं. म्हणून मी चित्र सुरू करायच्या आधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची पट्टी करून घेते आणि मधले तीन-चार ग्रे जास्तीचे घोटून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून ठेवते, कारण अर्ध्या चित्रात ग्रे संपला आणि पुन्हा तोच जुळवायचा म्हटलं तर जीव जातो. त्यात अ‍ॅक्रेलिक वाळल्यावर गडद होतो. ओल्या रंगातलं बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा चीक, दुधासारखं पांढुरकं असतं, वाळलं की पारदर्शक होतं, तो पांढुरकेपणा गेला की ग्रे एक पायरी खाली उतरतो. तेव्हा आधी कागदाच्या तुकड्यावर बोट फिरवा, वाळू द्या, मगच कॅनव्हासला लावा.

वाळायची आपल्याकडे काय कमी! उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर, पॅलेटवर काढलेला रंग ब्रश पोचायच्या आत साय धरतो. पंख्याच्या झोतात बसू नका. पसरट डब्यात जुन्या सुती लुगड्याची ओली घडी, तिच्यावर बटर पेपर, त्याच्यावर रंग आणि काम थांबलं की झाकण, एवढ्यावर रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. रंग उशिरा वाळावा म्हणून मिसळायचा रिटार्डर मिळतो, पण तो जपून घाला, जास्त झाला तर थर चिकट राहतो.

ब्रश सिंथेटिकच घ्या, हातातला ठेवला की लगेच पाण्यात. चित्र काढायला महागडा कॅनव्हासच हवा असं नाही, सुताराकडून एमडीएफचा तुकडा कापून आणा, गेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिश पेपर फिरवा. सपाट ग्रेमध्ये खालचा प्रत्येक ओरखडा दिसतो.

कंपनी म्हणाल तर तालुक्याला कॅमल किंवा फेविक्रिल मिळतं, शिकायला ते पुरेसं आहे. नागपूरला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलात तर आर्टिस्ट ग्रेडचा फक्त पांढरा आणा, त्यात पिगमेंट, म्हणजे खरी रंगाची पूड, जास्त असतं, काळा शिकणाऱ्यांसाठीच्या स्टुडंट ग्रेडचा राहिला तरी चालतो. शेवटी वार्निश, ग्लॉसनं काळा खोल दिसतो पण दारातला उजेड चित्रावर चमकतो, मॅटनं चमक जाते आणि काळाही थोडा फिका पडतो, म्हणून मी दोन्हींच्या मधलं सॅटिन लावते.