आतून की बाहेरून

दर सांगण्याआधी मी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो : काच आतून की बाहेरून? बाहेरून म्हणजे शिडी, बेल्ट, शेजाऱ्यांची परवानगी. आतून म्हणजे सोफे सरकवा, पडदे काढा. दोन्हीचे पैसे वेगळे. पुण्यात दहांतले आठ जण म्हणतात, "बाहेरूनच करा, आतून आम्ही पुसतो." पुसतात की नाही ते मला बाहेरून दिसतंच.

प्रभात रोडच्या एका गल्लीतले काकाही तेच म्हणाले. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जुना बंगला, सागवानी खिडक्या, आणि मागची भिंत खालपासून वरपर्यंत हिरवीगार. वर अट अशी, की वेलीला धक्का लावायचा नाही, काच तेवढी लख्ख पाहिजे.

मी म्हटलं, "आयव्ही फार माजलीय, काका."

"आयव्ही थंड मुलखातली. ही फायकस प्युमिला, चीन-जपानकडची. आपल्या वडा-उंबराच्या भावकीतली."

भावकी म्हटल्यावर मला तिचा स्वभाव कळला. वडाला आपण सूत गुंडाळतो, ही बाई स्वतःच घराला गुंडाळून घेते.

मुळात हे काम माळ्याचं की माझं, हा वाद प्रत्येक वेलवाल्या बंगल्यात असतो. माळी म्हणतो, काचेवर आली ती तुमची. मी म्हणतो, मूळ जमिनीत आहे तोवर तुझी. तोडगा म्हणून चौकटीभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवायची असं ठरतं. माळी ती दिवाळीपुरती ठेवतो. मग पाऊस येतो, आणि आषाढात पाहावं तर तांबूस कोवळी टोकं चौकट ओलांडून काचेवर हजर.

काचेवरची वेल ओढली की चर्रर्र आवाज होतो आणि ती सहज सुटते. सुटत नाहीत ते तिचे पाय. बारीक तपकिरी मुळांची रांग काचेवर तशीच राहते. लांबून बघितलं तर कुणी गोम चिरडून चिकटवल्यासारखी. ताजी असेल तर बरं, वाळून जुनी झाली की दगड. काका शिडीखाली उभे राहून सांगत होते, की चार्ल्स डार्विनने हिचीच मुळं काचेच्या पट्ट्यांवर हलकेच टेकवून ठेवली होती. आठवड्याभराने मुळांतून स्वच्छ, किंचित चिकट थेंब बाहेर आले. १८७५ च्या त्याच्या पुस्तकात आहे म्हणे. मी म्हटलं, थेंब पाहिले ते ठीक, पण त्या पट्ट्या नंतर पुसल्या कुणी?

ते पुसणं असं असतं. आधी कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्या रांगेवर दहा मिनिटं चिकटवून ठेवायचं. घाई करणाऱ्याने हा धंदा करू नये. मग कोरं ब्लेड, काच ओली, हात तिरका, आणि एकाच दिशेने ढकलायचं. ब्लेड तसंच मागे ओढलं की त्याखाली आलेला वाळूचा कण काचेवर रेघ मारतो. सुरुवातीच्या दिवसांत मी एका बाल्कनीची टफन्ड काच अशीच जुन्या ब्लेडने ओरबाडली होती. त्या महिन्याची कमाई त्या काचेत गेली. तेव्हापासून टफन्डला ब्लेड लावतच नाही, आणि साध्या काचेला दर दोन खिडक्यांना नवं.

दुसरा ताप चिकाचा. देठ तुटला की पांढरा चीक गळतो, बोटं चिकटतात, शर्टावर पडलेला डाग काळा होऊन कायमचा राहतो. उपाय आईने फणस कापताना शिकवलेला : हाताला आधी खोबरेल चोळायचं. हाताला, काचेला नाही. तेलाचं एक बोट काचेला लागलं की उन्हात ती खिडकी तुम्हाला शिव्या देते.

पाचवी खिडकी काकांच्या अभ्यासिकेची. शेवटचा वायपर मारून मी खाली उतरणार, तेवढ्यात आतून काचेवर टकटक. काकांनी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. चार इंचांची गोम. मी पुन्हा फडकं लावलं, दहा मिनिटं थांबलो, ब्लेड मारलं. गोम जागच्या जागी. पुन्हा मारलं. नखाने खरवडून पाहिलं, तर नखाला नुसती गुळगुळीत काच.

"काका, ही आतून आहे."

"आतून कशी असेल? आतून आम्ही पुसतो."

पुस्तकांचं कपाट दोघांनी मिळून जरा सरकवलं. चौकटीची पुट्टी एके ठिकाणी गळून पडली होती. त्या फटीतून बोटभर वेल आत आली होती, काच धरून वर चढली होती, आणि फिकट पोपटी पानं घेऊन तिसऱ्या फळीपर्यंत पोचली होती.

काका बराच वेळ पानं न्याहाळत राहिले. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"मूळ तर बाहेरच आहे ना? मग हे बाहेरच्याच दरात धरा."