अंजीर-ऑलिव्हचा सॉस, चटणीच्या भांड्यातला

गोड सॉस हवाय म्हणून कोणी हे करणार असाल तर आधीच सांगते, हा तसला नाही. अंजीर यात फक्त ऑलिव्हचा खारटपणा सांभाळायला. मूळ प्रकार दक्षिण फ्रान्सचा, प्रोव्हान्सकडचा टापनाड, त्यात ऑलिव्ह, केपर्स (खारवलेल्या छोट्या कळ्या), अँचोव्ही मासे आणि ऑलिव्ह ऑइल. आमच्याकडे मासे आवडीने खातात पण बरणीतले ते अँचोव्ही मला झेपत नाहीत, सो अंजीरवालं व्हर्जन.

अंजीर मी वाशीच्या एपीएमसीतून, मसाला मार्केटला सुकामेव्याची दुकानं आहेत तिथून आणते, नेरूळहून काय लांब नाही. दाबून बघा, मऊ हवं, पार वाळलेलं भिजवूनही चिवटच राहतं. ऑलिव्हला मात्र मी जास्त वेळ देते. कच्चं ऑलिव्ह तोंडात धरवत नाही इतकं कडू, ओल्युरोपिन असतं त्यात, ते मिठाच्या पाण्यात मुरवून नाहीतर कॉस्टिक सोड्याने काढतात. पिझ्झावरच्या त्या काळ्या चकत्या असतात ना, त्या साधारण कॉस्टिक आणि हवा वापरून काळ्या केलेल्या, रंग टिकायला वर फेरस ग्लुकोनेट, डब्याच्या लेबलवर वाचा कधी. चव जेमतेम. कालामाता, म्हणजे ते ग्रीसचे जांभळट काळे ऑलिव्ह, महाग आहेत, माहितीये, पण मिळाले तर तेच घ्या, सॉसचा सगळा जीव त्यातच आहे.

आता कृती. सात-आठ सुकी अंजिरं गरम पाण्यात अर्धा तास, मग देठ काढून टाका. वाटीभर बिनबियांचे ऑलिव्ह, आणि बरणीवर काही का लिहिलेलं असेना, एकेक बोटाने चेपून बघा, एखादी बी राहतेच आणि मग मिक्सरचा खडखडाट. लसणाची एक पाकळी, अर्ध्या लिंबाचा रस, मिरी, मूठभर भाजलेले अक्रोड. तिकडे थाइमचा सुगंधी पाला घालतात, मी चिमूटभर ओवा चुरडून घालते, दोन्हीत थायमॉल असतं त्यामुळे वास बराच जवळ जातो. मीठ अजिबात नाही! चटणीच्या भांड्यात थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं की नुसता काळपट लगदा होतो, अक्रोड दाताखाली यायला हवा. तीन चमचे ऑलिव्ह ऑइल शेवटी, हातानेच ढवळून, कारण एक्स्ट्रा व्हर्जिन पात्याखाली जोरात फिरलं की कधीकधी कडवट होतं.

सासूबाईंनी रंग बघून "कारळ्याची चटणी का गं?" विचारलं, मग भाकरीला लावून खाल्ली आणि निकाल दिला, लसूण वाढव. मी नाही वाढवला, कच्चा लसूण दुसऱ्या दिवशी अजून चढतो.

काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्येच ठेवा, तेलात कच्चा लसूण आहे, बाहेर अजिबात नको, आणि आठवड्यात संपवा. पास्त्याला लावणार असाल तर पास्ता शिजवलेलं पाणी दोन पळ्या घालून सैल करा, नाहीतर नुसते गोळे होतात.