बल्ब न बदलता

आमचे बाबा मोटारी भरायचे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती बैलगाडीत घालून आणायचे, बाबा जुनी तार काढून नवी भरून द्यायचे. २००७ साली त्याच शेडच्या कडेला, दोन टिनांखाली, मी दुचाकी गाड्यांच्या वायरिंगचं काम सुरू केलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा-दिग्रस रस्त्यावर गॅरेजवाले होते, पण लाईटच्या कामाला कोणी राजी नसायचं. वेळ फार जातो अन् हाती काही लागत नाही, म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

आमच्या भागात हेडलाईट म्हणजे हौस नाही. शेतीची लाईन रात्रपाळीत आली की ओलिताला रात्रीच निघावं लागतं, आणि वाटेत रानडुक्कर नाहीतर रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येतो.

पहिल्याच वर्षी एका भाऊंना मी महिन्याभरात तीन बल्ब विकले. लावला की चार-आठ दिवसांत फ्यूज. चौथ्यांदा ते आले तेव्हा बाबा तार गुंडाळता गुंडाळताच म्हणाले, "अबे, मोटार दरवेळी जळते तं आधी व्होल्टेज पाह्यतेत का नुसती तार भरतेत?"

मग मीटर लावला. त्या काळच्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत हेडलाईट बॅटरीवर नसायचा, इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून थेट एसी करंटवर जळायचा. म्हणून इंजिन बंद की लाईट बंद, आणि रेस वाढली की उजेड वाढला. वाढतं व्होल्टेज आवरायचं काम आरआर युनिटचं, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरचं. जास्तीचा करंट ते अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, सोडून देतं. भाऊंच्या गाडीत त्याची हिरवी अर्थिंगची वायरच बोल्टखाली गंजलेली. रेस दिली तसा मीटर पंचवीसच्या वर गेला. बारा व्होल्टचा बल्ब टिकणार कसा? पॉलिश पेपरनं घासलं, बोल्ट कसला, झालं काम.

पैशाचं म्हटलं तर भाऊ म्हणाले, "त्यात तं तुम्ही काईच टाकलं नाई, मंग पैसे कायचे?"

मी घेतले नाहीत. आधीच्या तीन बल्बांची लाज होतीच. पण भाऊंच्या या प्रश्नानं पुढे बरीच वर्षं पिच्छा सोडला नाही, कारण लाईटच्या निम्म्याहून जास्त कामांत नवा पार्ट लागतच नाही. हँडल वळवून वळवून मानेजवळची वायर आतल्या आत तुटते, वरून धडधाकट दिसते. लाईट चालू ठेवून हँडल डावी-उजवीकडे फिरवलं की चोर सापडतो. पावसाळ्यात काळी माती मागच्या मडगार्डमध्ये ठासून बसते आणि टेल लाईटची वायर ओढून तोडते. कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, हिरवा गंज चढतो. इंडिकेटर एका बाजूनं घाईघाईनं लुकलुकायला लागला तर फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा डबा, बदलू नका, त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो किंवा त्याची अर्थिंग.

२०१२ मध्ये बायकोनं हिशेबाची वही घातली. एका दिवसाची नोंद अजून आहे: गाड्या पाच, जमा ४० रुपये. तिनंच मग पाटी लिहून घेतली, "लाईटचा फॉल्ट शोधायचे ५० रुपये. सापडला नाही तर काही नाही." सुरुवातीला गिऱ्हाईक कमी झालं, लोक पाटी वाचून पुढे जायचे. दुसऱ्या ओळीनं हळूहळू परत आणलं.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींत इंजिन चालू असेपर्यंत हेडलाईट कायम चालू राहणं सक्तीचं झालं. "दिवसा लाईट कायले पाह्यजे, बंद करायचं बटण बसवून द्या" म्हणून रोज कोणीतरी यायचं. आम्ही नाही बसवलं. ते काम दुसरीकडे गेलं, जाऊ दिलं. रिले, म्हणजे जास्तीचा करंट स्विचमधून न जाऊ देणारा पार्ट, न टाकता जास्तीचे एलईडी जोडून स्विच वितळवलेल्या गाड्या मात्र आमच्याकडेच येतात.

आता भाचा हाताखाली आहे. बजाजमध्ये अर्थिंग काळी-पिवळी, हिरोत हिरवी, हे त्याला माझ्याआधी आठवतं. पाटीवरचे ५० चे १०० झालेत. दुसरी ओळ तशीच आहे, आणि महिन्यातून एखाद्या वेळी ती महागात पडते. मागच्या आठवड्यात उंदरानं टाकीखाली कुरतडलेल्या एका गाडीवर आम्ही दोघं दुपार घालवली. ब्रेक लाईट कधी लागायचा, कधी नाही. सापडला नाही. चहा पाजून गाडी परत दिली.