पवनारच्या आश्रमातील वाकाटक शिल्पे

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात धाम नदीचा पूल येतो आणि काठावरच्या टेकाडावर विनोबांचा परमधाम आश्रम दिसतो. जलद एसटी गाड्या येथे थांबतीलच असे नाही, म्हणून चढण्यापूर्वी वाहकाला विचारून घ्यावे. बहुतेक लोक विनोबांच्या समाधीसाठी येतात. आम्ही मुख्यतः शिल्पांसाठी गेलो होतो.

विनोबा 1938 मध्ये येथे राहावयास आले. त्याआधी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने देताना त्यांनी राम-भरत भेटीच्या चित्राची कल्पना मांडली होती, आणि पुढे पवनारला जमीन खणताना नेमकी त्याच भेटीची वाटावी अशी मूर्ती हाती आली. ती आश्रमाच्या छोट्या मंदिरात आहे व तिची नित्य पूजा होते. खोदताना निघालेले इतर शिल्पपट भिंतींतून बसवलेले आहेत. ही कामे वाकाटक राजघराण्याच्या काळातील, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत. इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मांडले आणि शिल्पांत रामकथा पाहिली. नंतरच्या काही अभ्यासकांना त्याच शिल्पांत कृष्णचरित्र दिसते. हा वाद माहीत करून घेऊन गेल्यास प्रत्येक पटापुढे पाय आपोआप थांबतात. आकृती ठेंगण्या व भरीव आहेत, आणि झिजलेल्या दगडातही त्यांच्या अंगातला आवेग जाणवतो. मला स्वतःला भरतभेटीच्या मूर्तीपुढून लवकर हलवेना. ज्या मातीतून ही शिल्पे निघाली तेथेच, पूजेत आणि रोजच्या वावरात, ती राहिली आहेत, हे मला कोणत्याही दालनातील मांडणीपेक्षा मोलाचे वाटते.

मात्र ही वास्तू संग्रहालय नव्हे. 1959 मध्ये विनोबांनी स्थापलेल्या ब्रह्मविद्या मंदिर या स्त्रियांच्या साधना-आश्रमाच्या भगिनी येथे राहतात, श्रम करतात व प्रार्थना करतात. म्हणून पादत्राणे बाहेर काढावीत, छायाचित्रापूर्वी परवानगी घ्यावी आणि प्रार्थना चालू असल्यास शांतपणे बसावे किंवा थांबून राहावे. उथळ कोरीव काम तिरप्या उन्हात उठून दिसते, त्यामुळे सकाळी लवकर जाणे उत्तम. वैशाख-ज्येष्ठात वर्ध्याचे ऊन सोसवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन 1948 मध्ये याच धाम नदीत झाले. त्या ठिकाणी उतरायचे असल्यास पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकांवरून जपून जावे. उरलेल्या दिवसात सेवाग्राम सहज होते.