कार्डावर दोन तारखा असतात

लायसन्स हातात घ्या आणि त्यावरची मुदत वाचा. एक नाही, दोन तारखा दिसतील. ‘एनटी’समोरची नॉन ट्रान्सपोर्टची, म्हणजे मोटारसायकल आणि घरची कार. ‘टीआर’समोरची ट्रान्सपोर्टची. ट्रकवाल्याच्या कामाची तेवढीच. एनटीची तारीख बरेचदा कितीतरी वर्षं पुढची असते, म्हणून नजर तिच्यावर पडते आणि माणूस निश्चिंत होतो. मग मध्य प्रदेशच्या सीमेवरचं खवासा ओलांडल्यावर कोणीतरी कार्ड उलटून पाहतो आणि सांगतो, भाऊ, तुमची टीआर दोन महिन्यांपूर्वीच संपली.

ट्रान्सपोर्टची मुदत आता ५ वर्षांची आहे, आधी ३ होती. हा बदल मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतला. याच दुरुस्तीने एक सवलत काढूनही घेतली, पण ती बातमी अजून नागपूरजवळच्या वाडीच्या चहाटपऱ्यांवर पोचलेली दिसत नाही. मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालायचं, ते बंद झालं. ‘महिनाभर चालते ना’ असं सांगणारे आजही भेटतात. नाही चालत. संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन्स आहात. कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड, आणि गाडी तुमच्या हाती दिली म्हणून मालकाला कलम १८० खाली वेगळा.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. महिन्यातले वीस दिवस बाहेर असणाऱ्याने या सवलतीचा फायदा घ्यायलाच हवा. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा ड्रायव्हिंगची परीक्षा. उशिरा केलेलं नूतनीकरण मागच्या तारखेपासून धरलं जात नाही. मधला काळ कोराच राहतो. त्या कोऱ्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी तिसऱ्या पक्षाला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. दंडाचे ५,००० त्यापुढे काहीच नाहीत. अर्जासोबत फॉर्म १-अ लागतो, डॉक्टरने भरलेला. दृष्टी आणि लाल-हिरवा रंग ओळखणं या दोन गोष्टींवर अडतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर आधी चष्मा, मग डॉक्टर.

आता आधार. आधार तुम्ही कोण आहात ते सांगतं, ट्रक चालवायचा अधिकार देत नाही. कंपनीच्या गेटवर, गोदामात, लॉजवर ते चालतं, पण रस्त्यावर लायसन्सच्या जागी चालत नाही. दोन्हींचा संबंध येतो डिजिलॉकरमध्ये, म्हणजे कागद फोनवर ठेवायच्या सरकारी ॲपमध्ये. डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन्स, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) कायद्याने मूळ कागदाइतकंच मानलं जातं. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये ते स्पष्ट आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला कार्डाचा फोटो मात्र फोटोच. तो दाखवून हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

डिजिलॉकरमध्ये लायसन्स येत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे नाव. आधारवर नुसतं नाव-आडनाव, लायसन्सवर मधे वडिलांचं नाव. किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. जन्मतारीख जुळत नसेल तरी तेच. आधीच ठरवा कोणता कागद दुरुस्त करायचा, आणि शक्यतो आधार लायसन्सप्रमाणे नाही, तर दोन्ही शाळेच्या दाखल्याप्रमाणे करा. दुसरं कारण म्हणजे जुनं पुस्तकी लायसन्स. त्याची नोंद लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवर नसेल तर ते कुठेच दिसणार नाही. नागपूरचं एमएच ३१ असो, ४० असो की ४९, ज्या आरटीओने ते दिलं तिथे जाऊन नोंद चढवून घ्यावी लागते. आणि फोनवर सगळं असलं तरी कार्ड खिशात असू द्या. देवलापारपुढच्या पेंचच्या जंगलात रेंज गेली की ॲप उघडत नाही.

छोट्या गाड्यांबद्दल गोंधळ होता, तो सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिटवला. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी साध्या एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, वेगळी ट्रान्सपोर्ट नोंद लागत नाही. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल, आरसीवर लिहिलेलं. छोटा हत्ती यात आरामात बसतो. आयशरचं मात्र डोळ्यांनी ठरवू नका, आरसी वाचा.

घातक मालाला ही मुभा नाही. खापरी-बोरखेडीच्या इंधन डेपोतून टँकर भरायचा असेल तर लायसन्सवर घातक मालाची वेगळी नोंद हवी. ती ३ दिवसांच्या प्रशिक्षणानंतर मिळते आणि मुदत ५ नाही, ३ वर्षं. ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यायला हवी, हे नियम ९ मध्ये आहे. टँकर सांडला तर केबिनमधलं ट्रेम कार्ड, म्हणजे अशा वेळी काय करायचं ते सांगणारं कार्ड, वाचणार कोण? या मालाच्या सुरक्षेचं देशातलं मुख्य कार्यालय, पेसो, आपल्याच नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे. तरी नोंद न करता टँकर हाकणारे इथेच सापडतात.

गाडीचे कागद बहुतेकांना पाठ असतात: आरसी, विमा, पीयूसी, पासिंग, टॅक्स, नॅशनल परमिट. नॅशनल परमिटचं ऑथोरायझेशन दरवर्षी नवं लागतं, आणि परमिट ५ वर्षांचं आहे म्हणून ते विसरलं जातं. बिल्टीसोबतचं ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, प्रत्येक २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने चालतं. नागपूरहून हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे ३ दिवस. गाडी बिघडून माल दुसऱ्या ट्रकमध्ये टाकला तर बिलाच्या भाग ‘ब’मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकल्याशिवाय हलू नका. बिलाची मुदत संपायच्या ८ तास आधी ते ८ तास नंतर एवढ्यातच वाढवता येते.

ईशान्येचं भाडं मिळालं तर अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर इथे इनर लाइन परमिट, म्हणजे त्या राज्यात शिरायची परवानगी, लागतं. ड्रायव्हरचं वेगळं, क्लीनरचं वेगळं. नेपाळ-भूतानसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा. तिथे आधारवर विसंबू नका. नेपाळात गाडीचा भन्सार, म्हणजे तिथलं सीमाशुल्क, निराळा.

लायसन्स जप्त झालं तर पावती घेतल्याशिवाय निघू नका, आणि पावतीवर कोणतं कलम लिहिलंय ते वाचा. एरवी लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येते. पण अतिवेग, धोकादायक चालवणं किंवा दारू यांसाठी लायसन्स निलंबनाला पाठवलं असेल, तर ती पावती नुसती पोच असते. अशा वेळी दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत गाडी जागेवरच उभी ठेवावी लागते.