मुलांसाठी शैक्षणिक हँडहेल्ड गेम निवडताना मी काय तपासते

खोक्यावर ‘शैक्षणिक’ असं छापलेलं असलं म्हणजे आत शिकण्यासारखं काही आहे, असं होत नाही. वयाच्या खुणांचंही तसंच. ईएसआरबी ही अमेरिकेतली संस्था १९९४ पासून आणि पेगी ही युरोपातली पद्धत २००३ पासून गेमना वयोगट देते, पण त्यातून मजकूर कोणत्या वयाला चालेल एवढंच कळतं. ‘पेगी ३’ म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला तो गेम खेळता येईल असं नाही. त्यात त्या वयाला घाबरवणारं किंवा अयोग्य काही नाही, इतकंच. ‘स्मरणशक्ती वाढते’, ‘मेंदू तल्लख होतो’ अशा दाव्यांवर तर मी अजिबात विसंबत नाही. लुमॉसिटी हे मेंदूच्या व्यायामाचं ॲप बनवणाऱ्या कंपनीला २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले, ते अशाच दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता म्हणून. ज्याचा सराव करावा ते जमू लागतं, एवढं नक्की. त्यापुढचं खोक्याने सांगितलं तरी धरून चालू नये.

त्यामुळे यंत्र बघण्याआधी मी एक ओळ कागदावर लिहिते: या मुलाला पुढच्या काही महिन्यांत नेमकं काय जमायला हवं? ‘गणित’ हे उत्तर फार मोठं झालं. ‘वीसच्या आतली वजाबाकी बोटं न मोजता’, ‘तीन-चार अक्षरी शब्द न अडखळता वाचणं’, ‘स्वतःचा छोटा गेम बनवणं’ ही उत्तरं कामाची, कारण त्यांच्यावरून गेम शोधता येतो आणि तो उपयोगी पडला की नाही हे नंतर पडताळता येतं. गेम ठरला की यंत्र जवळपास आपोआप ठरतं. उलट क्रमाने गेलं की हातात चांगलं यंत्र येतं आणि त्यावर हवं ते काहीच मिळत नाही.

मूल चार वर्षांच्या आतलं असेल तर घेऊच नका, असं मी स्पष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा, कमी असेल तितका बरा. टीव्ही आणि फोन मिळून तो तास आधीच संपलेला असतो.

यंत्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार मी वेगळे धरते. पहिला, फक्त शिकण्यासाठी बनवलेली बंदिस्त यंत्रं. लीपफ्रॉगचा लीपस्टर २००३ साली आला, लीपस्टर एक्सप्लोरर २०१० मध्ये, लीपस्टर जीएस २०१२ मध्ये. व्हीटेकचा मोबिगो त्याच काळातला. साधारण चार ते नऊ वयासाठी ही कल्पना उत्तम होती: ब्राउझर नाही, जाहिराती नाहीत, बटणं मोठी. पुढे हे उत्पादक टॅबलेटकडे वळले आणि २०१६ मध्ये व्हीटेकने लीपफ्रॉग विकतही घेतली, त्यामुळे या यंत्रांपैकी बरीचशी आता वापरलेलीच मिळतात. दुसरा प्रकार म्हणजे सर्वसाधारण गेमिंग यंत्र आणि त्यावरचे निवडक गेम, जसं निन्टेंडो स्विच किंवा त्याचं लहान भावंड स्विच लाइट. तिसरा, मुलाने स्वतः प्रोग्रॅम लिहून चालवायची छोटी यंत्रं. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत पहिला, त्यापुढे दुसरा किंवा तिसरा, असा माझा कल असतो.

आता गेमची परीक्षा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि कोणालाही तेच सुचवेन. गेम प्रत्यक्ष हातात मिळत नसेल तर कोणीतरी सलग खेळतानाचा व्हिडिओ शोधावा. जाहिरातीचा व्हिडिओ कामाचा नाही.

पहिली चाचणी आंधळी. प्रश्न न वाचता एकच बटण सलग दाबत राहायचं. चार पर्याय असतील तर नुसत्या अंदाजाने २५ टक्के उत्तरं बरोबर येतात, तीन असतील तर ३३ टक्के. पण पुष्कळ गेममध्ये चुकलेला पर्याय पुसला जातो, म्हणजे जास्तीत जास्त चौथ्या वेळी उत्तर बरोबर येणारच. अशा गेममध्ये मूल टप्प्यामागून टप्पे पार करतं, चांदण्या गोळा करतं आणि काहीही शिकत नाही. आंधळेपणाने टप्पा पार होत असेल तर तो गेम बाद. चुकल्यावर गेम काय करतो तेही बघावं. नुसता ‘पुन्हा प्रयत्न कर’ असा आवाज निरुपयोगी. सात वजा तीन चुकल्यावर सात ठिपके दाखवून त्यातले तीन उचलून दाखवणारा गेम खरा शिकवतो.

दुसरी चाचणी: विषय खेळाच्या आत आहे की बाहेर? एक उदाहरण सोडवलं की अर्धा मिनिट उड्या मारायला मिळतात, अशी रचना सर्रास आढळते. तिथे उदाहरण म्हणजे उड्या मारण्याआधी भरायचा टोल असतो आणि मूल तो चुकवायच्या वाटा शोधतं. याउलट, किती अंतर उडी मारायची हे संख्यारेषेवर मोजूनच ठरवावं लागत असेल, तर मोजणं हाच खेळ झाला. अर्ध्या तासात विषयाचे प्रश्न प्रत्यक्ष किती मिनिटं समोर असतात, हे घड्याळ लावून बघितलं की फरक लगेच कळतो.

तिसरी: तोच टप्पा पुन्हा खेळून बघायचा. प्रश्न त्याच क्रमाने तेच आले तर मूल उत्तरं नाही, जागा पाठ करतं. पातळी हाताने बदलता येते का, घड्याळाची टिकटिक बंद करता येते का, हेही याच वेळी तपासते. वेळेचं दडपण पाठांतर पक्कं झाल्यावर ठीक आहे. नवीन शिकताना त्याने मूल घाईत काहीही दाबू लागतं.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: सूचना कोणत्या भाषेत आणि किती अवघड आहेत? वजाबाकी शिकणाऱ्या मुलाला सूचनेचा परिच्छेद वाचता येत नसेल तर ते शेजारी बसलेल्या मोठ्या माणसावर अवलंबून राहतं. बोललेल्या सूचना हव्यात आणि त्या पुन्हा ऐकायचं बटणही हवं. अक्षरांचे ध्वनी शिकवणाऱ्या गेममध्ये तर कान देऊन ऐकावं. छोट्या स्पीकरमधून ‘स’ आणि ‘फ’सारखे बारीक ध्वनी एकसारखे वाटू शकतात, म्हणून हेडफोनची खाच असणं आवश्यक, हेडफोन आवाजावर मर्यादा घालणारा, मुलांसाठीचा असावा.

सर्वसाधारण यंत्रांवरच्या गेमपैकी ‘गेम बिल्डर गॅरेज’ हा २०२१ चा गेम मला मनापासून आवडतो. पडद्यावरची छोटी पात्रं तारांनी एकमेकांना जोडून गेम बनवायचा. बटण, उडी, टक्कर यांचा कार्यकारणभाव डोळ्यांना दिसतो. मात्र सूचना भरपूर वाचाव्या लागतात आणि स्विच लाइटच्या ५.५ इंची पडद्यावर तारा जोडताना बोट चुकतं. ‘बिग ब्रेन अकॅडमी: ब्रेन व्हर्सेस ब्रेन’मध्ये प्रत्येक खेळाडूची पातळी वेगळी ठेवता येते, त्यामुळे लहान-मोठी भावंडं बरोबरीने खेळू शकतात. पुठ्ठा दुमडून खेळणी बनवायची आणि ती स्विचला जोडून खेळायचं, असे निन्टेंडोचे ‘लाबो’ संच घ्यायचे असतील तर स्विच लाइट घेऊ नये: त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत आणि ते टीव्हीलाही जोडता येत नाही.

प्रोग्रॅमिंगसाठी मेककोड आर्केड हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. तो ब्राउझरमध्ये फुकट चालतो, पडदा १६० गुणिले १२० ठिपक्यांचा, रंग १६. ठोकळे जोडून गेम बनवायचा, संगणकावरच खेळून बघायचा. मुलाचा रस टिकला तरच यंत्र घ्यावं: किट्टनबॉटचं मिओबिट, ॲडाफ्रूटचं पायबॅज किंवा पायगेमर. यंत्र यूएसबीने जोडलं की संगणकावर पेन ड्राइव्हसारखं दिसतं आणि त्यात गेमची फाइल टाकायची. ते दिसलंच नाही तर आधी केबल बदलावी, कारण अनेक केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत माहिती नेणाऱ्या तारा नसतात. तरीही दिसलं नाही तर रीसेटचं बटण दाबून बघावं. काही यंत्रांना ते झटपट दोनदा दाबावं लागतं.

वापरलेलं यंत्र घेताना आधी सेलचं झाकण उघडते. तारांवर पांढरी-हिरवट पूड असेल तर अल्कलाइन सेल गळलेले आहेत. थोडीशी असेल तर हातमोजे घालून कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसता येते, मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. स्प्रिंग खाऊन गेली असेल तर यंत्र सोडून द्यावं. लिथियम बॅटरी असेल आणि मागचं झाकण किंचितही फुगलं असेल, तर फुकटातही घेऊ नये.

मग स्पर्श. लीपस्टर किंवा निन्टेंडो डीएससारख्या जुन्या यंत्रांचा पडदा दाबाने चालतो, म्हणून स्टायलस (पडद्यावर टेकवायची काडी) काय, नखही चालतं. कालांतराने त्याचं माप सरकतं आणि टोक एका जागी, खूण दुसऱ्या जागी पडते. मूल बरोबर उत्तरावर टेकवतं आणि यंत्र चूक सांगतं. त्या मुलाला वाटतं, आपल्यालाच येत नाही. सेटिंगमध्ये हे माप पुन्हा जुळवण्याची सोय (कॅलिब्रेशन) असते, ते देण्याआधी करावंच. चारही कोपरे आणि मध्यभाग टेकवून पाहावा. ॲनालॉग स्टिक (अंगठ्याने सगळ्या दिशांना ढकलायची छोटी दांडी) असेल तर हात काढून घ्यावा आणि पडद्यावरचं पात्र आपोआप सरकतंय का ते बघावं; सरकत असेल तर आतले संपर्क झिजले आहेत.

कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायची गेमची डबी किंवा कार्ड, कोणत्या यंत्राला चालतात हे नावावरून ठरवू नये. मूळ लीपस्टरचे कार्ट्रिज एक्सप्लोररमध्ये चालत नाहीत. एक्सप्लोररचे मात्र जीएसमध्ये चालतात. डाउनलोड करायचे गेम बंद पडलेल्या दुकानाबरोबर जातात: निन्टेंडो थ्रीडीएसच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झाली. जुन्या यंत्रासाठी कार्डावरचेच गेम मोजावेत. थ्रीडीएसमधलं थ्रीडी चित्र सहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांनी बघू नये असं निन्टेंडोनेच सांगितलेलं आहे. त्यासाठी पॅरेंटल कंट्रोलमधून ते बंद करावं किंवा थ्रीडी नसलेलं टूडीएस घ्यावं.

‘एकात चारशे गेम’वाली स्वस्त यंत्रं शैक्षणिक म्हणून घेऊ नयेत. त्यात जुने गेम सहसा विनापरवाना भरलेले असतात आणि पॅरेंटल कंट्रोल नसतंच. लहान मुलाच्या कुठल्याही यंत्रात बटण सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूने बंद होतं का, हे आवर्जून बघावं. २० मिलिमीटरचा सेल गिळला गेल्यास दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते.

यंत्र मुलाच्या हाती देण्याच्या आदल्या दिवशी चार्जिंग, अपडेट आणि अकाउंट उरकून घ्यावं. अकाउंटमध्ये मुलाचं खरं नाव किंवा फोटो टाकू नये, जन्मतारीख मात्र खरी द्यावी, कारण वयाचे निर्बंध तिच्यावर चालतात. २०१५ साली व्हीटेकच्या लर्निंग लॉज या गेम डाउनलोड करायच्या ऑनलाइन दुकानातून लाखो मुलांची माहिती चोरीला गेली होती, तेव्हा ही काळजी नुसती तात्त्विक नाही. स्विचच्या पॅरेंटल कंट्रोल ॲपमधली रोजची वेळ यंत्राला लागू होते, प्रत्येक मुलाला वेगळी नाही. दोन भावंडं असतील तर वाटणी तुम्हालाच करावी लागते. वेळ संपल्यावर गेम थांबवण्याचा पर्याय वेगळा सुरू करावा लागतो, नाहीतर नुसती सूचना येते. गेम कुठे सेव्ह होतो हे आधी माहीत करून घ्या आणि मिनिटांऐवजी ‘हा टप्पा संपला की बंद’ असं ठरवा. मधेच बंद केल्याने मेहनत वाया गेली की होणारं रडणं रास्त असतं.

साधारण महिन्याभराने, सुरुवातीला लिहिलेल्या ओळीतला प्रश्न कागदावर, यंत्राशिवाय विचारते. गेममध्ये जमतं पण कागदावर जमत नाही, असं झालं तर गेमच्या पडद्यावर कोणती मदत मिळत होती ते शोधते (ठिपके, रंग, पर्याय) आणि ती बंद करता येणारी पातळी निवडते. तशी पातळी नसेल तर गेम बदलते, यंत्र नाही.

सेलबद्दल शेवटचं. चार्ज होणारे निकेल सेल १.२ व्होल्टचे, साधे अल्कलाइन १.५ व्होल्टचे, म्हणून चार्ज होणारे सेल टाकल्यावर ‘बॅटरी कमी’ची खूण लवकर दिसू शकते, ती सेल खराब झाल्याची खूण नव्हे. चार सेलच्या यंत्रात जुने-नवे मिसळू नयेत, कमकुवत सेल आधी संपतो आणि गळतो. काही आठवडे यंत्र वापरात नसेल तर सेल काढून ठेवावेत. आतली लिथियम बॅटरी असेल तर अर्धी चार्ज करून ठेवावी आणि दर काही महिन्यांनी पुन्हा भरावी.