सातशे ऐंशी ते अठराशे : आमची वाटचाल

पगारपत्रकं करणाऱ्याला ७८०, ५४१, २३९ हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. पीएफसाठी पगाराची मर्यादा ६५०० होती तेव्हाची ही फोड. मालकाचे बारा टक्के म्हणजे ७८०, त्यातले ५४१ पेन्शनला, उरलेले २३९ कामगाराच्या खात्यात. १ सप्टेंबर २०१४ पासून मर्यादा १५,००० झाली आणि आकडे झाले १८००, १२५०, ५५०. याच बदलात कारखान्यांची पगारपत्रकं आणि पीएफ सांभाळणारी आमची फर्म जवळजवळ बुडाली होती.

सुरुवात आम्ही दोघांनी केली. माझे भागीदार एका गिरणीच्या टाइम ऑफिसातून आलेले. मस्टरवर नुसती नजर फिरवून कुणाचा खाडा पगारी आणि कुणाचा बिनपगारी ते सांगायचे. हे काम मी त्यांच्या हाताखालीच शिकलो. तेव्हा प्रत्येक कामगाराच्या पीएफचा महिनेवार हिशेब एका ३ए फॉर्मवर असायचा, मार्च ते फेब्रुवारी बारा ओळींचा. वर्षअखेरीला सगळ्या ३एंची बेरीज ६एशी, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र वार्षिक तक्त्याशी, जुळलीच पाहिजे. रुपयाचा फरक आला तरी भागीदार गठ्ठ्याची गाठ पुन्हा सोडायचे. कागदी रिळाचा कॅल्क्युलेटर, हिरव्या शाईची टिक, दाभण आणि टॅग, एवढीच हत्यारं. पुढे डॉट मॅट्रिक्स आला. २०१२ मध्ये ईसीआर, म्हणजे ऑनलाइन भरायचं चलन-विवरणपत्र, आलं आणि सगळा गठ्ठा एका टेक्स्ट फाइलीत गेला, दोन रकान्यांच्या मधे हॅश-टिल्ड-हॅश. साठी ओलांडलेल्या माणसानं तेही शिकून घेतलं. नव्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो.

मधली बरीच वर्षं काम वाढत गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग तो सप्टेंबर आला. मालकांवर माणशी हजाराहून जास्त बोजा पडला, आणि त्याच सुमारास बाजारात एक नवा सल्लागार आला. नाव घेत नाही. त्याची युक्ती अशी : पगार १४,००० असेल तर बेसिक ७००० दाखवायचं, बाकीचं कन्व्हेयन्स, वॉशिंग, स्पेशल. पीएफ फक्त बेसिकवर कापायचा, म्हणजे १६८० ऐवजी ८४०. मालकाचे पैसे वाचले, कामगाराच्या हातातही ८४० जास्त पडले, म्हणून तोही खूश. पण वीस वर्षं नोकरी करून निघताना ग्रॅच्युइटीचा हिशेब करा. पगार गुणिले पंधरा गुणिले वीस, भागिले सव्वीस. १,६१,५३८ च्या जागी ८०,७६९. पेन्शनलाही तीच कात्री. हे त्या कामगाराला कुणी सांगितलं?

आमची मोठी गिऱ्हाइकं एकामागून एक गेली. त्यातल्या एका कारखान्याचा पीएफ कोड नंबर आम्हीच काढून दिला होता. त्यांनी फाइली न्यायला शिपाई पाठवला, साधा फोन केला नाही. ते मला अजून खुपतं. तशी फोड आम्हालाही करता आली असती. भागीदार म्हणाले, "ज्याच्या कार्डावर बारा ओळी मी भरल्या, त्याचं बेसिक माझ्या हातानं कापणार नाही." विषय तिथंच संपला.

आमच्याच ऑफिसातले पगार थकले तेव्हा आमचे एक गिऱ्हाईक, प्रेस शॉपवाले शेठ, एका संध्याकाळी आले आणि वर्षाची फी आगाऊ ठेवून गेले. त्यांचा कारखाना लहान, पण ते म्हणाले, "वीजबिलात वाचवीन, तेलात वाचवीन, माणसाच्या पीएफमध्ये नाही." दर दिवाळीआधी ते आम्हाला जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये बसू द्यायचे आणि आम्ही प्रत्येकाचं नॉमिनेशन तपासायचो. लग्न झालं तरी वारस म्हणून आईचंच नाव, असे किती निघायचे!

२८ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचे. त्या युक्तीवाल्या कारखान्यांच्या मागे पीएफ कायद्याच्या कलम ७एची चौकशी लागली. फरकाची रक्कम, १४बीचा दंड, ७क्यूचं बारा टक्के व्याज. सल्लागाराचा फोन लागेना. दोघं आमच्याकडे परत आले, आम्ही घेतलं. तुमचं बरोबर होतं, एवढं मात्र एकानंही म्हटलं नाही.

या धंद्यात येणाऱ्यांना न विचारता सांगतो. चलनाची मुदत १५ तारीख असली तरी १२ ला तयार ठेवा, शेवटच्या दिवशी पोर्टल चालत नाही. यूएएन, म्हणजे कामगाराचा कायमचा पीएफ नंबर, काढण्याआधी नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. नाहीतर माणूस निवृत्त होतो आणि त्याचा क्लेम तुमच्या टेबलावर पडून राहतो. आणि फी कमी करून कुणाचं काम ओढू नका.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरायची. तेव्हापासून आम्ही एकेका गिऱ्हाइकाचा पगाराचा तक्ता पुन्हा तपासतोय. प्रेस शॉपच्या तक्त्यात एकही आकडा बदलावा लागला नाही.